बोट सरळ होईपर्यंत

भाई,

तुम्ही गेलात तेव्हा पन्नाशीच्या आत होतात. मी आता साठी ओलांडून बसले आहे, म्हणजे आज समोर आलात तर तुम्हीच मला ताई म्हणायला हवं. तरी माझ्या तोंडी भाईच येणार. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी सर म्हटलं तेव्हा तुम्ही कानाला हात लावलात. "सर कसला? मी सातवी नापास सुखाणी. बोटीवर सुकाणू धरतो. भाई म्हणा." जपानीत शिक्षकाला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत होतं, पण ते तुम्ही आम्हाला कधी म्हणू दिलं नाहीत. हे लिहायला बसले त्याचं कारण एकच. कोल्हापूरच्या परीक्षेत मी तुमच्याबद्दल एक वाक्य बोलले होते आणि ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला पाच-सहा वर्षं होती, तुम्ही सुट्टीवर असलात की रोज संध्याकाळी समोर होतात, तरी नाही सांगितलं. आज दुपारी जेवण झाल्यावर कशासाठी म्हणून नाही, उगीच वही काढली आणि वर तुमचं नाव न लिहिता भाई एवढंच लिहिलं.

मी मंडळाच्या हॉलमध्ये कराटे शिकायला का आले, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. त्या वर्षी माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. साखरपुडा होऊन चार महिने झाल्यावर चिपळूणच्या मंडळींनी नको म्हणून निरोप पाठवला, कारण काही दिलं नाही. मला फार काही वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ जसा आपला राहत नाही, तसं काहीसं सगळ्या अंगाचं झालं होतं. वाटत होतं ते लोकांना. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट, साडेपाचला सुटायची, आणि सहा ते सात आमच्याकडे शेजारपाजारच्या बायका सांत्वनाला येऊन बसायच्या. आई चहा ठेवायची. त्या बशीत चहा ओतता ओतता माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या, ही आता रडेल, मग रडेल. मी रडत नाही याचंच त्यांना जास्त वाईट वाटायचं. एका संध्याकाळी मंडळाच्या फळ्यावर, आरतीच्या वेळेखाली, खडूने लिहिलेलं दिसलं की इथे कराटे शिकवले जातील, बायका-पुरुष दोघांना, रोज सहा ते सात. मी त्या सहा ते सातला भुलले. तिथे भजन असतं तरी गेले असते.

आईला सांगितलं तेव्हा ती बांगडे तळत होती. "कराटे म्हणजे त्या पिक्चरमधल्या चिनी मारामाऱ्या ना गो? लग्न मोडलेल्या पोरीने आता लाथा मारायला शिकायचं. मगे लागतील हो स्थळं रांगेत!" तिने बांगडा उलटला. "शिकवतो कोण?" मी म्हटलं, खाडीपलीकडचे एक भाई आहेत, बोटीवर असतात, सुट्टीवर आलेत. आईने पुन्हा एक बांगडा उलटला, आच कमी केली. "बोटीवरचा काय, सहा महिन्यांनी जाईल परत. जा तोवर." अशी परवानगी मिळाली, तुमच्या जाण्याच्या भरवशावर.

पहिल्या दिवशी तुम्ही आम्हाला फक्त मूठ वळायला शिकवलीत. अख्खा एक तास. एका कोपऱ्यात गणपतीच्या आराशीचे पुठ्ठ्याचे खांब, दुसऱ्या कोपऱ्यात कॅरम, आणि मधल्या शहाबादी फरशीवर आम्ही वीस-बावीस जण ओळीत उभे. तुम्ही पायजमा वर दुमडून, गंजीफ्रॉकवर, एकेकासमोर थांबताय आणि आपली मूठ उघडून पुन्हा वळून दाखवताय. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, सगळी बोटं आत, अंगठा बाहेर. "अंगठा आत ठेवशील तर स्वताचाच मोडशील, बाय." मी ओढणी कमरेला घट्ट बांधून उभी आहे आणि माझ्या मुठीकडे बघते आहे. टाइप करून करून बोटं तरबेज झालेली, पण ती अशी एकत्र कधी आलीच नव्हती. कॉलेजची मुलं पिक्चर बघून आली होती, त्यांना उडी मारून लाथ घालायची होती. तीन आठवडे त्यांना नुसतं उभं राहायला शिकवलंत, पाय रुंद, गुडघा वाकलेला, पाठ सरळ. "पाय आणखी लांब. जमीन हलते असा समज." जमीन कशाला हलेल, असं एकजण पुटपुटला आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही. दोन महिन्यांत आम्ही सहा उरलो, हॉस्पिटलमधली एक नर्स, चार नोकरदार पुरुष आणि मी.

एकदा तुम्ही मला सगळ्यांदेखत बोललात. ठोशांचा सराव चालला होता. इची, नी, सान हे आकडे तुम्ही इतका आमच्याकडचा हेल काढून म्हणायचात की ते जपानी आहेत हे विसरायला व्हायचं. माझ्यासमोर येऊन आकडे थांबले. "हा ठोसा हाय? तू मारतेस का टेबलावर फाईल ठेवतेस?" सगळे हसले. "राग नाय येत तुला कोणाचा?"

"नाही."

"कोणाचाच?"

"नाही, भाई."

मला वाटलं, आता समजूत घालणार. तुम्ही जरासं बघितलंत आणि म्हणालात, "बरा हाय मग. रागवाले सगळे पळाले. फाईल तर फाईल, पण जाग्यावर ठेव." आणि पुढचा आकडा म्हणालात. त्या दिवसापासून मी ठोसा जागेवर ठेवायला लागले. मला बरं करायला न निघालेला त्या वर्षातला एकच माणूस म्हणजे तुम्ही, आणि याबद्दल मला तुमचे आभार मानायचे होते. तेही राहिलंच.

मग काता सुरू झाली. काता म्हणजे एकट्याने करायची लढाई. समोर कोणी नसतं, पण चारी बाजूंनी कोणीतरी येतंय असं धरून ठरलेल्या क्रमाने वार अडवायचे आणि ठोसे द्यायचे. तुम्हाला ती मालवाहू बोटीवरच्या एका जपानी इंजिनियरने शिकवली होती, ड्यूटी संपल्यावर, उघड्या डेकवर, चार वर्षं. एकमेकांची भाषा येत नव्हती. तो करून दाखवायचा, तुम्ही करायचात. त्याने जे केलं ते तुम्ही जसंच्या तसं रत्नागिरीपर्यंत आणलंत. तुमच्या कातेत प्रत्येक वळणाआधी एक थांबा होता. पाय रुंद करून, गुडघे वाकवून अंग खाली न्यायचं आणि तसंच थांबायचं. तुम्ही डोळे अर्धे मिटून म्हणायचात, "थांब… थांब… आता," आणि आम्ही सहाजण एकदम वळायचो. कधी दोन श्वास, कधी चार. नर्सने एकदा विचारलं, नेमकं किती मोजायचं? "मोजायचं नाय. अंगाला कळतं." आणि खरंच कळायला लागलं. पुढे तुम्ही बोलायचं सोडलंत तरी आम्ही सहाही जण एकाच क्षणी वळत होतो. त्या थांब्यांत मला बरं वाटायचं. हे सरळ लिहिते, कारण त्या वर्षात दुसऱ्या कशात बरं वाटल्याचं आठवत नाही. तिथे काही करायचं नसे आणि कोणी बघत नसे. नुसतं खाली राहायचं, आणि वेळ झाली की वळायचं.

दिवाळीनंतर तुमचं बोटीचं बोलावणं आलं. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही आम्हाला फरशीवर बसवलंत. "मला पट्टा द्यायचा अधिकार नाय. मलाच कोणी पट्टा दिला नाय. कोल्हापुरात परीक्षा घेतात. तुमी जावा, देऊन या. मी येईन तेव्हा सगळ्यांच्या कमरेला रंगीत पट्टे बघायचे हायत." म्हणजे परीक्षेला तुम्हीच पाठवलं होतंत, भाई. चार महिने आम्ही सहाजण तुमच्याशिवाय रोज सहाला जमत राहिलो. आईचा अंदाज चुकला होता. तुम्ही गेलात आणि मी राहिले. मांजरपाटाचे पांढरे पोशाख शिंप्याकडून शिवून घेतले आणि एसटीने आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो.

एका शाळेचं सभागृह. दोनेकशे मुलं, सगळ्या गावांची. परीक्षक टेबलामागे बसलेले, धिप्पाड, मिशीवाले. माझं नाव आधी पुकारतात. मी मधोमध जाऊन वाकते, सुरू करते, आणि पहिल्या वळणाआधी खाली जाऊन थांबते. परीक्षकांना वाटतं मी विसरले. "पुढं करा," ते हळूच म्हणतात. मी माझ्या वेळेला वळते. दुसऱ्या वळणाआधी पुन्हा थांबते. मागे कोणीतरी फिसकन हसतं. माझं झाल्यावर नर्स येते आणि त्याच जागी थांबते. मग आमचा तिसरा, तोही. आता सगळं सभागृह हसतंय. परीक्षक हात वर करतात आणि आम्हा सहाजणांना एकदम उभं करून करायला लावतात. आम्ही सहाही जण खाली जातो, थांबतो आणि एकाच क्षणी वळतो. आता कोणी हसत नाही. परीक्षक उठून जवळ येतात. "हे थांबताय ते काय? ह्यात असलं काय नाही. कुणी शिकवलं तुम्हाला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कचेरीत असल्यामुळे साहेब लोकांशी बोलायचं काम नेहमी माझंच असे. मी म्हटलं, "कोणी नाही, सर. आमच्या गावात शिक्षक नाहीत. पुस्तकातली चित्रं बघून शिकलो."

तेच ते वाक्य. मला कोणी घाबरवलं नव्हतं, कोणी जबरदस्ती केली नव्हती. कचेरीत चूक निघाली की कागदावर कोणाचं नाव येणार नाही असं उत्तर द्यायचं, एवढी एक सवय मला होती, ती कामाला आली. कदाचित तुमचं नाव त्या हशात जाऊ नये म्हणूनही असेल. पण हे मी नंतर बसून शोधलेलं कारण आहे, त्या वेळी असलं काही डोक्यात नव्हतं. परीक्षक खूश झाले. पुस्तकावरून एवढं? शाबास, रत्नागिरीकर! त्यांनी आम्हाला दोन तास बाजूला घेऊन थांबे काढून टाकले, सहाहीजणांना पिवळा पट्टा दिला, आणि सुट्टीतल्या शिबिरांना येत राहिलात तर तुमच्या गावात वर्ग तुम्हीच चालवा असं मला सांगितलं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, माहीत नाही. परतीच्या एसटीत साखरप्यापर्यंत सगळे नवे पट्टे गुंडाळून मांडीवर धरून बसले होते. मग नर्स म्हणाली, "बरं झालं तू तसं सांगितलंस." बाकीच्यांनी माना हलवल्या. पुन्हा तो विषय आमच्यात कधी निघाला नाही.

तुम्ही परत आलात तो दिवस मला नीट आठवतो. वर्गात नवी पंधरा-सोळा मुलं-मुली होती आणि पुढे उभी राहून आकडे मी म्हणत होते. तुम्ही दारात चपला काढून भिंतीला टेकलात. हातात पिशवी, तिच्यात सगळ्यांसाठी बामच्या हिरव्या डब्या. काता संपेपर्यंत तुम्ही आमच्या पायांकडे बघत होतात. मुलं गेल्यावर म्हणालात, "पट्टे झकास दिसतात. पण थांबायचा कुठं गेला?"

"भाई, ते त्यात नाहीच आहे. परीक्षेत सांगितलं."

"नाय?"

"नाही. सरळ वळायचं असतं."

तुम्ही पिशवी कॅरमवर ठेवलीत आणि मधल्या फरशीवर जाऊन एकटेच काता करायला लागलात. तीन पावलं पुढे, मग खाली, मग थांबा. त्या थांब्यात तुम्ही नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ राहिलात. मला वाटलं पायात गोळा आला. मग तुम्ही तसेच वाकलेले असताना खो खो हसायला लागलात, हसता हसता फरशीवर बसलात. "अगो बाय, बोट हलत होती! लाट आली की बोट कलायची. तो इंजिनियर बोट सरळ व्हायची वाट बघत उभा राहायचा, मगे वळायचा. नाहीतर पडला असता ना! आणि मी समजलो, हा थांबायचा पण शिकवतोय." मीही हसले, तुम्ही हसताय म्हणून. मग तुमचं हसणं संपलं. तुम्ही तळहाताने फरशी पुसल्यासारखं केलंत आणि म्हणालात, "चार वर्षं मी लाटच शिकत होतो." त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडायचं होतं, एवढंच. मी डब्या मोजून घेतल्या आणि हॉलला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सहाला तुम्ही आलात आणि मागच्या ओळीत, नव्या मुलांमध्ये उभे राहिलात. मी म्हटलं, भाई, पुढे या. तुम्ही मान हलवलीत. "पहिल्यापासून शिकव." मी तुम्हाला मूठ सोडून बाकी सगळं पुन्हा शिकवलं. तुमचं अंग ऐकत नव्हतं. प्रत्येक वळणाआधी गुडघे आपोआप वाकायचे, शेजारची दहा वर्षांची मुलगी तुमच्याकडे बघून खुदकन हसायची आणि तुम्ही तिला डोळे मिचकावायचात. सुट्टी संपली की बोटीवर, परत आलात की मागची ओळ. तिसऱ्या सुट्टीत तुमचा थांबा पुरता गेला. आता सगळ्या हॉलमध्ये तो कोणाकडेच उरला नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

त्याच सुट्टीत एका दुपारी तुम्ही परीक्षेचा अर्ज घेऊन माझ्या कचेरीत आलात. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. शिपायाने तुम्हाला खुर्ची दिली तरी बसला नाहीत. "हा भरून दे. माझा अक्षर कोंबडीचा." मी अर्ज मशीनला लावला. नाव, वय, गाव. खाली रकाना होता, शिक्षकाचे नाव. तुम्ही बोट ठेवून म्हणालात, "हिथे तुझा." मी माझं नाव टाइप करायला लागले. मशीनचा खडखडाट चालू असताना तुम्ही वाकून काहीतरी बोललात. मी मान वर न करता विचारलं, "काय म्हणालात?" तुम्ही म्हणालात, "काय नाय गो." मी कागद काढला, सही केली, कचेरीत काम आहे म्हटलं. तुम्ही दोन्ही हातांनी अर्ज घेतलात आणि शिपायालाही सलाम करून गेलात.

पिवळा पट्टा मिळाला तुम्हाला. वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दाखवलात, बांधला मात्र नाहीत. पुढच्या सुट्टीत छातीत दुखायचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. मला सकाळी कचेरीच्या दारात कळलं. मी वर गेले, समोरची तीन पत्रं टाइप केली, एकही चूक न करता. संध्याकाळी नर्सबरोबर तुमच्या घरी आले. भाभी पडद्याआडून बाहेर आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुमीच का त्या, ह्यांच्या मास्तरीणबाई? पट्टा सगळ्या मोहल्ल्याला दाखवून आले होते. आमच्या मास्तरीण लई कडक हायत, सांगायचे." त्यांच्या मागे बायका बसल्या होत्या. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी रडले नाही. भाभींना काय सांगितलं ते आता आठवत नाही, पण तुम्ही माझे शिक्षक होतात हे नक्कीच सांगितलं नाही.

वर्ग मी आणखी अकरा वर्षं चालवला, मग गुडघे गेले. कोणी विचारलं तर आजही मी कोल्हापूरच्या परीक्षकांचं नाव घेते, जिभेला तेच वळण पडलं आहे. हा कागद मी वहीतून फाडणार नाही. कोणी वाचावा अशी इच्छाही नाही. भाभीही आता नाहीत, नाहीतर एकदा जाऊन आले असते, असं मी स्वतःला सांगते.

एवढंच उरलं. त्या दुपारी कचेरीत तुम्ही वाकून विचारलं होतंत, "तुमच्या परीक्षेला ह्या रकान्यात माझा नाव दिलंस ना गो?" भाई, मला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.